‘गॅसची गोळी’ आणि जुने अपचन

धानाची रोवणी सुरू झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात कंबरदुखीच्या गोळ्या खपतात आणि त्यांच्या पाठोपाठ ‘गॅसच्या’ गोळ्या. वेदनाशामक गोळ्यांनी जठराला इजा होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पोट जळू लागले की डॉक्टरांना विचारून आधी त्या थांबवाव्यात. खर्राही सोडावा.

तरीही काही बंधू-भगिनींचा त्रास महिनोन्महिने राहतो. दोन घासांत पोट भरते, जेवणानंतर जडपणा येतो, वरच्या पोटात दुखते. दुर्बिणीने तपासावे तर जखम दिसत नाही. मग ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकावे लागते. हे बरोबर नव्हे. यास कार्यात्मक अपचन म्हणतात. यात जठराची हालचाल व संवेदना बिघडते. दुखणे खरेच असते.

पहिली पायरी हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूच्या तपासणीची. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन त्याने जठरदाह होतो हे दाखविले. जंतू सापडल्यास प्रतिजैविकांचा क्रम, बहुधा दोन आठवडे, पूर्ण करावा. नंतर ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल, न्याहारीपूर्वी अर्धा तास, चार ते आठ आठवडे. गुण न आल्यास वर्षभर तीच गोळी गिळण्यात अर्थ नाही.

पोट लवकर भरत असल्यास इटोप्राइड, ॲकोटियामाइड अशी जठराची हालचाल सुधारणारी औषधे देतात. लेव्होसल्पिराइड मात्र पुष्कळदा गॅसच्या कॅप्सूलमध्येच मिसळलेले असते. ते फार दिवस घेतल्यास हातांना कंप सुटू शकतो, पाळी चुकू शकते.

याने न भागल्यास अमिट्रिप्टिलिन. येथेच आमचे लोक अडतात! कोणी म्हणतो, ‘ही तर डोक्याची गोळी’, आणि रोगी ती फेकून देतो. रात्रीची १० मिलिग्रॅमची ही सुरुवातीची मात्रा उदासीनतेवरील मात्रेहून फार लहान असते. ती पोटाच्या दुखण्याची जाणीव कमी करते. फरक पडायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडे पडते, झोप येते. काचबिंदू वा हृदयविकार असल्यास आधी सांगावे.

सोबत थोडे थोडे जेवावे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत आलेल्या कोसलराज प्रसेनजिताला भगवान बुद्धांनी मोजके खाण्यास शिकविले, अशी कथा संयुत्त निकायात आहे. आम्हीही भातवालेच!

वजन घटणे, काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, किंवा उतारवयात प्रथमच सुरू झालेला त्रास असल्यास गोळ्यांचे प्रयोग नकोत. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे दाखवावे. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत, कंबरदुखीचीसुद्धा.