पूर ओसरल्यावर पहिलं कोण उगवतं?

शिरोली एमआयडीसीतून कोल्हापूरकडे येताना सांगली फाटा सोडला की पंचगंगेच्या पुलापर्यंत मळीची रानं लागतात. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्येही तसाच पूर आला. दोन्ही वेळी इथला महामार्ग बंद पडला. ज्या उसाच्या पोंग्यात पाणी गेलं, तो कुजला.

पण काठावरची हिरवळ परत येते, आणि ती ठरावीक क्रमानं येते. तो क्रम पाहायला मीटरभर लांबी-रुंदीची लाकडी चौकट पुरते. ती गाळावर ठेवायची आणि आत काय उगवतं ते लिहीत राहायचं.

सुरुवातीला नुसता गाळ दिसतो. ऊन लागलं की तो भेगाळतो आणि भेगेतून लव्हाळ्याचा सुईसारखा कोंब निघतो. जपून उकरला, तर खाली काळी गाठ हाती लागते. पूर डोक्यावरून गेला तरी त्या गाठीतलं अन्न शाबूत असतं. शेजारी हरळी पेरापेराला मुळं सोडत गाळ धरून ठेवते. ओलीला माका येतो. त्याचं पान चुरगाळलं की बोटं काळी पडतात. बेशरमीला तर पूरच पसरवतो: मोडून वाहत आलेली फांदी जिथं अडकेल तिथं रुजते.

सगळीकडे असं होत नाही. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटात बेटाचा उरलेला भाग राखेखाली गाडला गेला. तिथं बी वाऱ्यानं, समुद्रानं, पक्ष्यांनी आणावं लागलं. आपल्या काठावर माती, बी, मुळं जागेवरच असतात. म्हणून हिरवळ काही आठवड्यांत सावरते. शास्त्रात याला दुय्यम अनुक्रमण म्हणतात. गवतानं गाळ धरला की करंज, उंबर, वाळुंज यांच्या रोपांना जागा मिळते आणि पुढं त्यांचीच मुळं काठ सांभाळतात.

जेसीबी फिरला किंवा भराव पडला की हा क्रम मोडतो. उघड्या पडलेल्या मातीत मग गाजरगवत शिरतं. एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि दुसऱ्याला उगवू देत नाही.

म्हणून पुरानंतर काठ खरवडून साफ करायची घाई नको. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा. त्या जागी टाकळ्याचं बी टाका. दाट टाकळा गाजरगवताला दाबतो. आणि करंज-उंबराच्या रोपांना चार-पाच पावसाळे तरी हात लावू नका.