जिवाणूंची बेगमी

अंधेरीत स्टेशनबाहेर किंवा मुलुंडच्या भाजीबाजारात हल्ली एक हिरवट, मऊ, हाताला किंचित पिठूळ लागणारी पिशवी मिळते. तिच्यावर छापलेले असते, ‘मी प्लास्टिक नाही.’ आपण निश्चिंत मनाने तिच्यातून मिरच्या-कोथिंबीर आणतो आणि घरी आल्यावर ती ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. पिशवीचे म्हणणे मात्र पुरते खरे नाही. ती प्लास्टिकच आहे, फक्त कुजू शकणारे. ती कुठे कुजेल आणि किती दिवसांत, हे ती कशाची बनली आहे त्यावर ठरते.

अशा पिशव्यांत बहुधा पीबीएटी नावाचे प्लास्टिक असते. ते बहुतांशी खनिज तेलापासूनच बनते. त्यात स्टार्च किंवा पीएलए मिसळतात. पीएलएचा निम्मा प्रवास जिवाणूंच्या हातचा आहे. दही विरजणाऱ्यांचे भाऊबंद साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात आणि पुढे कारखान्यात रसायनशास्त्र त्या आम्लाच्या साखळ्या गुंफते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला याच कामाचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला.

पण काही जिवाणू कारखान्याची वाट पाहत नाहीत. ते स्वतःच्या पेशीत अख्खे प्लास्टिक तयार करतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मॉरिस लमॉयन यांनी १९२६ च्या सुमारास ‘बॅसिलस मेगाटेरियम’ या जिवाणूत ते ओळखले. त्याचे नाव पीएचबी, आणि त्याच्या सगळ्या गोतावळ्याचे नाव पीएचए.

जिवाणू हा उद्योग का करतात, ते आपल्या आजीला लगेच कळले असते. पावसाळ्यापूर्वी घरोघरी बेगमी होते: धान्य, कडधान्य, पापड, लोणची. जिवाणूचेही तसेच. साखर मुबलक आहे, पण वाढीला लागणारा नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपत आला, की तो पेशी वाढवण्याचे थांबवतो आणि जादा साखर पीएचएच्या कणांत साठवतो. दिवस पालटले की तेच कण खाऊन पुन्हा वाढू लागतो. आपण मोठ्या टाकीत हीच परिस्थिती मुद्दाम निर्माण करतो. काही जातींच्या सुकवलेल्या पेशीत वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत प्लास्टिकच भरते. मग पेशी फोडून कण वेगळे काढायचे आणि वितळवून साच्यात घालायचे. पीएचबी साधारण १७५ अंशांना वितळते. एकट्याने ते ठिसूळ असते, म्हणून साखळीत व्हॅलरेट नावाची कडी मिसळतात आणि त्याला लवचीकपणा येतो.

या गोष्टीतला महत्त्वाचा धागा आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सापडतो. उल्कापाताने घडलेल्या लोणार सरोवराचे पाणी खारट आणि साबणाच्या पाण्यासारखे अल्कधर्मी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना तिथे ‘हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस’ हा जिवाणू मिळाला. तो हीच व्हॅलरेट मिसळलेली लवचीक जात बनवतो, हे त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारणही याच संस्थेने शोधले: मीठप्रेमी सूक्ष्मजीव. त्यांच्या कुळातल्या काहींनाही पीएचएची बेगमी जमते.

खाऱ्या पाण्यातल्या या जिवाणूंचे मोल पैशांत मोजता येते. एक किलो पीएचबीला साधारण तीन किलो साखर लागते. शिवाय परक्या जंतूंनी शिरकाव करू नये म्हणून टाक्या वाफेने निर्जंतुक ठेवाव्या लागतात. म्हणूनच हे प्लास्टिक साध्या प्लास्टिकच्या कित्येक पट महाग पडते. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने ते बाजारात आणले, १९९० मध्ये जर्मनीत त्याची शाम्पूची बाटलीही विकली गेली, पण किमतीपुढे निभाव लागला नाही. खारट, अल्कधर्मी पाण्यात मात्र इतर जंतू फारसे तग धरत नाहीत, त्यामुळे निर्जंतुकीकरणाचा खर्च कमी होतो. साखरेऐवजी शेतीतला टाकाऊ माल चालला, तर एकूण खर्च आणखी उतरेल.

आता आपल्या सोसायटीकडे येऊ. ‘कंपोस्टेबल’ शिक्का देणाऱ्या चाचणीत पिशवी ५८ अंशांच्या आसपास धरून ठेवतात आणि सहा महिन्यांत तिच्यातल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डायऑक्साइड झाला की ती उत्तीर्ण होते. मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. पण बोरिवलीतल्या सोसायटीच्या खतखड्ड्यात ५८ अंश महिनोन्‌महिने कुठून टिकणार? म्हणून खत चाळताना पीएलएच्या पिशवीचे तुकडे तसेच हाती लागतात. पीएचएची गोष्ट वेगळी. साध्या मातीत आणि समुद्राच्या पाण्यातही ते खाणारे सूक्ष्मजीव असतात, कारण कुणाची तरी बेगमी लुटणे हा त्यांचा जुना धंदा आहे. तरीही त्याला वेळ लागतोच. पातळ पापुद्र्याला आठवडे-महिने, जाड वस्तूला वर्षे.

हा वेळ मुंबईला परवडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या नाल्यांमागे प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या, हे आपण पाहिले. त्या अनुभवाची आठवण सोबत घेऊन २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली. पोईसर किंवा दहिसर नदीत पडलेली पिशवी जिवाणूंनी बनवलेली असली, तरी तशा पावसात ती नाला तुंबवणारच. कुजण्याचा गुण रस्त्यावर फेकण्याचा परवाना नव्हे.

मग हे प्लास्टिक कुठे शोभेल? जिथे वस्तू परत गोळा करणे अशक्य आहे तिथे. शेतातल्या मल्चिंग पेपरला, फळांवरच्या स्टिकरला, खरकट्याबरोबर जाणाऱ्या वेष्टनाला. शरीरात विरघळणारा शस्त्रक्रियेचा टाकाही याच कुळातला आहे. अमेरिकेत त्याला २००७ मध्ये मान्यता मिळाली. भाजीसाठी मात्र त्याची गरज नाही. तिथे कापडी पिशवीच पुरते. अगदीच ‘कंपोस्टेबल’ पिशवी घ्यावी लागली, तर तिच्यावर आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक आहे का ते पाहा. सोसायटीच्या खड्ड्यात ती खरेच कुजते का, हेही एकदा स्वतः चाळून बघा. तोवर स्टेशनला जाताना घडी घातलेली पिशवी खिशात असू द्या.