मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी डायलिसिस पद्धतीची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
मूत्रपिंडांची कार्यक्षमता सुमारे १५ टक्क्यांहून कमी झाली म्हणजे ती निकामी झाली असे मानले जाते. त्यानंतर लक्षणे वाढू लागली की प्रत्यारोपण किंवा डायलिसिस यांचा आधार घ्यावा लागतो. डायलिसिसच्या दोन प्रमुख पद्धती असून त्यांतील निवडीचे निकष स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हीमोडायलिसिस :
नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंडाचा वापर केला. या पद्धतीत रक्त यंत्राच्या गाळणीतून फिरवून शुद्ध केले जाते. त्यासाठी बहुधा आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास केंद्रात राहावे लागते. प्रत्येक वेळी सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी खर्च होते. सर्व काम प्रशिक्षित कर्मचारी करतात, ही जमेची बाजू होय. तथापि मधल्या दिवसांत शरीरात पाणी साठत असल्याने आहारावर व पाण्यावर कडक बंधने येतात.

पेरिटोनियल डायलिसिस :
१९७६ मध्ये पोपोविच व मॉनक्रिफ यांनी या पद्धतीचे आजचे घरगुती रूप मांडले. येथे पोटातील पातळ आवरण हेच गाळणीचे काम करते. पोटात बसविलेल्या नळीतून सुमारे २ लिटर द्रव आत सोडला जातो व काही तासांनी बदलला जातो. असे दिवसातून ३ ते ४ वेळा घरीच करता येते. यंत्र आवश्यक नसते. शिल्लक राहिलेली मूत्रनिर्मितीही अधिक काळ टिकते. मात्र स्वच्छतेत हयगय झाल्यास पोटात जंतुसंसर्ग होतो, तसेच द्रवावाटे प्रथिने निघून जातात.

निवडीचे निकष :
आयुर्मानाच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सर्वसाधारणपणे तुल्यबळ आहेत. म्हणून केंद्राचे अंतर, रोजगार, दृष्टी, हातांचे कौशल्य, घरातील स्वच्छ जागा व कुटुंबीयांचे साहाय्य यांना महत्त्व प्राप्त होते. पोटावरील मोठ्या शस्त्रक्रिया किंवा हर्निया असल्यास पहिली पद्धत, तर हृदय दुर्बल असल्यास अथवा योग्य रक्तवाहिनी न मिळाल्यास दुसरी पद्धत सोयीची ठरते.

शासकीय धोरणाचाही निवडीवर परिणाम होतो. हाँगकाँगने १९८५ पासून पेरिटोनियल डायलिसिसला प्राधान्य दिले. भारतात २०१६ च्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचा प्रारंभ हीमोडायलिसिसपासून झाला. २०१९ मध्ये दुसऱ्या पद्धतीसाठी मार्गदर्शक सूचना आल्या.

निष्कर्ष :
हीमोडायलिसिससाठी हातावर करावयाचा फिस्टुला वापरायोग्य होण्यास कित्येक आठवडे लागतात. रुग्ण अत्यवस्थ होऊन आला, तर मानेतील तात्पुरत्या नळीतून तातडीने उपचार करावे लागतात आणि सुरू झालेली पद्धतच बहुधा पुढे चालू राहते. अशा वेळी निवड रुग्ण करीत नाही, परिस्थिती करते. म्हणून मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्यापूर्वीच रुग्णास दोन्ही पद्धती समजावून सांगणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.