हिमगौरीची गोष्ट आणि गाणे

हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ग्रिम या जर्मन बंधूंनी ती १८१२ साली प्रथम छापली. वॉल्ट डिस्नी यांनी तिच्यावर हाताने रेखाटलेल्या चित्रांचा संगीत बोलपट काढला. तो २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे प्रथम दाखविण्यात आला. त्यात गाण्यांनी कथेचे काय केले, एवढेच आज पाहू.

मूळ कथा कानासाठी आहे. दुष्ट राणी बुटक्यांच्या घरी तीनदा येते: प्रथम चोळी आवळण्याची नाडी घेऊन, मग विषारी फणी घेऊन आणि शेवटी सफरचंद घेऊन. ऐकणारे मूल या पुनरावृत्तीच्या आधारानेच कथा ध्यानात ठेवते. बोलपटात नाडी आणि फणी गळाली, सफरचंद तेवढे उरले. पुनरावृत्तीचे काम फ्रँक चर्चिल यांच्या चालींनी उचलले.

राजपुत्राचेच उदाहरण घ्या. ग्रिम यांच्या कथेत तो येतो तेव्हा हिमगौरी काचेच्या पेटीत निश्चेष्ट पडलेली असते. सेवक पेटी नेताना ठेचकाळतात, घशातला तुकडा बाहेर पडतो आणि ती जागी होते. चुंबन तेथे नाहीच. बोलपटात ती आरंभीच विहिरीत डोकावून मनातली इच्छा गाते, आणि भिंत ओलांडून आलेला राजपुत्र सुरात सूर मिळवतो. पुढे तो बराच वेळ दिसत नाही. अखेरीस त्याचे तेच गाणे पुन्हा कानी येते. चुंबनाने जाग येते हे आपल्याला पटते ते तर्काने नव्हे, त्या ओळखीच्या सुराने.

मात्र याची किंमतही द्यावी लागली. मूळ कथेत हिमगौरीच्या लग्नातच राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते. बोलपटात ती कड्यावरून कोसळते. शिक्षा माणसे देत नाहीत, वीज देते. गोड शेवटाच्या सुरांशेजारी तो नाच बसला नसता, हे खरे. पण कथेतला न्याय माणसांनी केलेला होता आणि तो कठोर होता, हे केवळ बोलपट पाहणाऱ्या मुलाला कळत नाही.

तेव्हा मुलांना बोलपट अवश्य दाखवावा. परंतु एखाद्या रात्री दिवा मालवण्यापूर्वी मूळ गोष्टही सांगावी. नाडी, फणी आणि सफरचंद, तिन्ही सांगावीत. एकही गाळू नये.