समाजमाध्यमांवरील तरुणांचे आत्मदर्शन : संकठा घाटाच्या परिसरातून

व्यक्तीने स्वतःला इतरांपुढे कसे मांडावे, हा प्रश्न समाजमाध्यमांच्या पुष्कळ आधीचा आहे. समाजमाध्यमांनी त्याच्या अटी मात्र बदलल्या. हा बदल काशीतील संकठा घाटाच्या परिसरात विशेष स्पष्टपणे पाहता येतो. संकठादेवीच्या मंदिरावरून नाव मिळालेल्या या घाटाच्या एका बाजूस १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेला शिंदे घाट आहे, तर दुसऱ्या बाजूस थोड्या अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट. याच पायऱ्यांवर आज तरुण-तरुणी मोबाइल हाती धरून स्वतःची छायाचित्रे व रील टिपताना दिसतात. शिंदे घाटापाशी कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर त्यांच्या चित्रांत वारंवार येते.

घाट बांधणे हेही एका अर्थी आत्मदर्शनच होते. राजघराण्यांनी आपली धर्मनिष्ठा व सत्ता तेथे दगडात मांडली. सामान्य यात्रेकरूसाठी तीर्थोपाध्यायाची वही होती. तीत नाव, पिता, पितामह, गोत्र व गाव यांची नोंद होई. व्यक्ती कुळाच्या साखळीतील एक दुवा म्हणून प्रकट होई. तिसरा प्रकार लेखनाचा. बायजाबाईंच्या मथुरेतील नियोजित यज्ञाच्या वार्तेने १८५७ मध्ये वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे काशीचे गंगाजल घेऊन ते गावी परतले. हा वृत्तांत त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिला आणि चिं. वि. वैद्य यांनी तो ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे : आपण कोणासमोर उभे आहोत, याची मांडणाऱ्यास बऱ्याच अंशी कल्पना होती. घाटासमोर भाविक व प्रजा होती, वहीसमोर भावी वंशज, आणि गोडसे यांच्या लेखनासमोर वैद्यांसारखा परिचित यजमान.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दैनंदिन व्यवहाराला रंगभूमीची उपमा दिली. माणूस प्रेक्षकांपुढे एक भूमिका वठवतो आणि पडद्यामागे तिची तयारी करतो, असे त्याचे प्रतिपादन. भारतीय वाचकास येथे ‘नेपथ्य’ हा शब्द आठवावा. संस्कृत नाट्यपरंपरेत नेपथ्य म्हणजे पडद्यामागची वेषभूषेची जागा. आजच्या मराठीत तो शब्द प्रेक्षकांना दिसणाऱ्या रंगमंचसजावटीसाठी रूढ आहे. तरुणांच्या आत्मदर्शनात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. घाट हे त्यांचे मराठी अर्थाने नेपथ्य. पुन्हा पुन्हा टिपलेली व पुसून टाकलेली चित्रे हे संस्कृत अर्थाने.

अडचण प्रेक्षकांची आहे. एकाच चित्रासमोर आई, मावशी, महाविद्यालयीन मित्र, भावी मालक आणि पूर्ण अपरिचित माणूस एकाच वेळी उभे असतात. घरात एक, मित्रांत दुसरे, असे वागणे यात दांभिकता नसते. प्रत्येक नात्याची ती स्वाभाविक मर्यादा असते. माध्यम ती मर्यादा पुसते आणि तरुण ती पुन्हा आखू पाहतात. निवडक मित्रांसाठी वेगळी यादी करणे (ही सोय इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये दिली), दुसरे अप्रकट खाते ठेवणे, सूचक ओळ लिहिणे, ही त्याची साधने होत. तरुणींना ही रेषा अधिक दक्षतेने आखावी लागते, कारण चुकीच्या नजरेपर्यंत पोचलेल्या चित्राची किंमत त्यांच्याकडून अधिक वसूल केली जाते.

भाषेचा प्रश्नही याच ठिकाणी उद्भवतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसली आहेत. अशा घरातील तरुणापुढे घरची मराठी, गल्लीतील हिंदी व शिक्षणातील इंग्रजी असे तीन पर्याय असतात. भाषेची निवड म्हणजेच प्रेक्षकाची निवड. लिपीबाबत तेवढेही स्वातंत्र्य नाही. इन्स्टाग्रामवरील खात्याचे नाव रोमन अक्षरे, अंक, बिंदू व अधोरेषा यांतूनच घडवावे लागते. संतकवी आपली नाममुद्रा स्वभाषेत उमटवीत. आजच्या तरुणाची मुद्रा परक्या लिपीत उमटते.

साहित्याच्या अभ्यासकाने या सामग्रीकडे उथळ म्हणून पाठ फिरवू नये, याचे कारण तिच्या नश्वरतेत आहे. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर आलेली ‘स्टोरी’ सामान्यतः चोवीस तासांत दृष्टिआड होते. उरलेले लेखनही कंपनीच्या ताब्यात असते. गोडसे यांचे हस्तलिखित जपले गेले, म्हणूनच वैद्यांनी केलेले फेरफार बाजूस सारून दत्तो वामन पोतदार यांना १९६६ मध्ये मूळ संहिता प्रकाशित करता आली. आजच्या तिशीतील पिढीने स्वतःविषयी जे मांडले, त्याची अशी मूळ प्रत पुढील संपादकास मिळेलच असे नाही. त्यामुळे लेखकांच्या संमतीने, त्यांची खासगी मर्यादा सांभाळून, या लेखनाचे नमुने जतन करणे हे अभ्यासाच्या आधीचे कर्तव्य ठरते.