भाताचा अंकुर आणि त्याचा रासायनिक दूत

मोसे नदीवरील वरसगांव धरणाच्या जलाशयाकांठीं लवासा ही नगरी वसली आहे. तिच्या भोंवतालचा मुळशी तालुका मात्र जुन्या काळापासून भाताचा, विशेषतः सुवासिक आंबेमोहराचा. मृगाचा पाऊस पडला कीं राब भाजलेल्या जागेंत बीं पेरतात आणि पुढें रोपें उपटून खाचरांत लावतात. वर्षाचें सारें पीक ह्या कोंवळ्या रोपांच्या जोमावर अवलंबून असतें. हा जोम येतो कोठून?

मातींतल्या अंकुराला ऊन मिळत नाहीं. पहिले कांहीं दिवस दाण्यांत सांठविलेल्या पिष्टावरच त्याचा निर्वाह चालतो. परंतु पिष्ट पाण्यांत विरघळत नाहीं; म्हणजे कोठार भरलेलें, पण त्याला कुलूप. तें उघडण्यासाठीं गर्भांकुर जिबरेलिन नांवाचें संप्रेरक दाण्याच्या सालीखालील पातळ थराकडे पाठवितो. तेथील पेशींत एक प्रथिन कांहीं जनुकांना दाबून ठेवीत असतें. जिबरेलिन पोंचतांच तें प्रथिन नष्ट होतें, मोकळ्या झालेल्या जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपानें उतरते आणि तिच्या आज्ञेनुसार अमायलेज हें विकर तयार होऊन पिष्टाची साखर करतें. १९६४ सालीं सातूच्या दाण्यांवर प्रयोग झाले. आरएनएची उत्पत्ति थांबविणारें द्रव्य दिल्यावर जिबरेलिन असूनही विकर निर्माण होईना.

दुसरें संप्रेरक ऑक्सिन. शेंड्यांत निर्माण होऊन खालीं उतरणारें हें द्रव्य पेशींच्या भिंती सैल करून त्यांना लांबवितें, आणि तेंही विशिष्ट जनुकांच्या आरएनएचें उत्पादन वाढवितें.

मात्र प्रमाण चुकलें कीं अनर्थ ओढवतो. जपानांत ‘मूर्ख रोप’ ह्या अर्थाच्या नांवाचा भाताचा एक रोग आहे. त्यांत रोपें फिकट व बेसुमार उंच होतात, आणि पुष्कळदां दाणा न धरतांच मरतात. हा प्रताप एका बुरशीनें सोडलेल्या द्रव्याचा आहे, असें १९२६ सालीं कुरोसावा ह्यांनीं दाखविलें. १९३५ सालीं याबुता ह्यांनीं त्या द्रव्याला जिबरेलिन हें नांव दिलें. पुढें तेंच निरोगी वनस्पतींतही आढळलें.

उलट, १९६६ सालीं प्रसृत झालेल्या आयआर-८ ह्या बुटक्या भातांत जिबरेलिन घडविण्यास लागणारें एक जनुक सदोष आहे, हें २००२ सालीं उघड झालें. उंच आंबेमोहर लोंब्या भरल्यावर वाऱ्यापावसांत लोळतो. बुटकें भात उभें राहतें. रोपाचा नाश आणि पिकाचें रक्षण हीं दोन्हीं अशा रीतीनें एकाच द्रव्याच्या मात्रेचीं फळें होत.