पाहुण्याचा सव्वा महिना

उज्जयिनीत सागर किती, असे आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या घरातल्या आजीला विचारा. ती बोटांवर मोजून सात सांगेल: रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर आणि पुरुषोत्तमसागर. अधिक महिन्यात या सातांची यात्रा करायची आणि प्रत्येकापाशी त्याचे ठरलेले दान द्यायचे, अशी इथली रीत आहे. रुद्रसागराच्या वाट्याला मीठ येते. तेवढे मीठ सोडले, तर आमच्या सातही सागरांचा खारटपणाशी काही संबंध नाही. नावाने सागर, पण पाणी गोडे.

आठवा सागर मात्र खारा आहे, आणि तो देवास गेटला आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. लांबी चार फूट, रुंदी नि उंची दीड-दीड फूट. पाणी सुमारे अडीचशे लिटर. नळाचे पाणी शुद्ध करून घ्यायचे आणि त्यात दर लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री क्षारांचे तयार मिश्रण विरघळवायचे. सबंध पेटीला जवळजवळ नऊ किलो लागते. पहिल्या दिवशी आमच्या मंडळींनी मोठ्या औदार्याने स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पुढे केली होती, पण ते मीठ इथे चालत नाही. बाहेर बसस्थानकावर इंदूर-देवासच्या आरोळ्या चाललेल्या असतात आणि आत काचेमागे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले दोन क्लाउन मासे डुलत असतात. नवख्या माणसाला हे दृश्य थोडे चमत्कारिक वाटते.

या वेडाचे मूळ माझ्यात आहे, हे कबूल केले पाहिजे. १९६२ च्या उन्हाळ्यात मामांनी मला मुंबईला चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते १९५१ साली त्याचे उद्घाटन झाले होते. माळव्यातल्या बारा वर्षांच्या पोराने काचेपलीकडचा समुद्र पाहिला, तो पुढे जन्मभर डोळ्यांपुढून हलला नाही. ती गोष्ट मी नातवाला इतक्या वेळा सांगितली, की २०१८ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, त्याने पेटीचाच हट्ट धरला. त्याचे वडील नोकरीसाठी पुण्याला. सूनबाई आणि तो आमच्यापाशी. हट्ट अर्थातच पुरवला गेला.

पोराने मात्र तो हट्ट अभ्यासाने निभावला. त्याने वही घातली. तापमान, खारेपणा, माशांनी काय खाल्ले, सारे तारीखवार. वर्षभरात दोन क्लाउन आणि एक गोबी मासा छान रुळले. २०१९ च्या गणेश चतुर्थीला मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने येणाऱ्या एका आप्ताबरोबर मी एक निळा डॅमसेल मासा मागवला. प्राणवायू भरलेल्या पिशवीत तो स्वस्थ बसला होता. अंग नीलमण्यासारखे, शेपूट पिवळी.

नातू म्हणाला, “आबा, याला महिनाभर वेगळ्या पेटीत ठेवायला हवे. विलगीकरण म्हणतात त्याला.”

त्या वेगळ्या पेटीचा खर्च मी दोनदा लांबणीवर टाकला होता. शिवाय घरात गणपती बसलेले, चार माणसे आरतीला आलेली, सर्वांना नवा मासा पाहायचा होता. मी म्हणालो, “अरे, सणाच्या दिवशी आलेल्या पाहुण्याला कोणी दाराबाहेर ठेवते का?” सगळे हसले. पोर गप्प बसले. मी पिशवीतला मासा माझ्या हाताने पेटीत सोडला.

पाचव्या दिवशी क्लाउन माशांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके दिसले. नातू घाबरला. पण अनंत चतुर्दशीपर्यंत ठिपके आपोआप नाहीसे झाले आणि मी विजयी मुद्रेने म्हणालो, “बघ, झाले ना बरे?” पितृपक्ष लागला आणि ठिपके पुन्हा आले, या वेळी अंगभर. मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकू लागले. सर्वपित्री अमावास्येच्या आत तिन्ही जुने मासे गेले. ज्याच्याबरोबर रोग आला, तो डॅमसेल तेवढा जगला.

नातवाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण संध्याकाळी पेटीसमोर स्टूल घेऊन बसण्याचे त्याने सोडले. एकदा त्याची वही मी उघडली. तीन तारखा होत्या, पुढे ‘कारण’ असा रकाना होता, आणि त्यात तिन्ही वेळा एकच शब्द होता: ‘घाई’.

त्या शब्दानंतर मी चष्मा पुसून अभ्यासाला बसलो. या रोगाच्या जंतूचे नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. १९३७ साली जपानमध्ये सिकामा यांनी त्याचे वर्णन केले आणि हे शास्त्रीय नाव त्याला १९५१ साली मिळाले. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत ते मत्स्यालय उघडले, त्याच वर्षी! हा एकपेशी जंतू माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरतो. तीन ते सात दिवस तिथे पोसला जातो आणि मग आपण होऊन गळून पडतो. हाच तो फसवा काळ. ठिपके गेले, मासा बरा झाला, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो जंतू तळाच्या वाळूत, दगडावर जाऊन स्वतःभोवती कवच करून बसलेला असतो. कवचात त्याचे विभाजन होते, आणि ते फुटले की एकाच्या जागी शेकडो पोहणारे जंतू बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ते मरतात. अफाट समुद्रात बहुतेकांना तो सापडत नाही. चार फुटांच्या पेटीत मात्र मासा पळून जाणार कुठे?

कवचे सहसा काही दिवसांत फुटतात, पण एखादे दोन महिन्यांहूनही अधिक काळ टिकते. म्हणून रोग शिरलेली पेटी सुमारे ७६ दिवस माशांशिवाय ठेवावी, असा जाणत्यांचा दंडक आहे. मोठ्या पेटीत औषध का टाकू नये? कारण या रोगावरचे खात्रीचे औषध तांबे आहे, आणि तांब्याने गोगलगायी, कोळंबी, पोवळी मरतात. चुनखडीचा दगड ते शोषून घेतो, त्यामुळे मात्राही नीट राहत नाही. उपचार करायचा तो बाहेरच्या पेटीत. मात्रा रोज मोजायची, कारण कमी पडली तर जंतू वाचतो आणि जास्त झाली तर मासा मरतो. तांबे नको असेल, तर मासा दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या भांड्यात हलवायचा. गळून पडलेले जंतू मागच्या भांड्यात राहतात, मासा पुढे जातो. असे चार-पाच वेळा केले की बहुधा सुटका होते.

आम्ही डॅमसेलला छोट्या पेटीत हलवून औषध दिले आणि मोठी पेटी रिकामी ठेवली. रोज सकाळी दिवा लावायचा, पाणी फिरते ठेवायचे, आणि आत मासा नाही. डिसेंबरच्या मध्यापर्यंत हे चालले. इतका लांब पश्चात्ताप मी दुसऱ्या कशाचा केलेला नाही.

विलग ठेवण्याची कल्पना जुनी आहे. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा नगराने १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर राहण्याचा नियम केला. पुढे त्याचे चाळीस दिवस झाले, आणि इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’वरून क्वारंटाइन हा शब्द आला. आमच्या मंडळींना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, “अहो, चाळीस दिवस म्हणजे आपला बाळंतिणीचा सव्वा महिनाच की! त्यासाठी इटली कशाला हवी?” मी निरुत्तर झालो.

मत्स्यशेतीवाल्यांनाही हा धडा महागात मिळालेला आहे. १९९४ च्या सुमारास आपल्या पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने कोळंबीची तळी ओस पडली. नाव सारखे असले, तरी तो विषाणू वेगळा. पुढे २००९ साली परदेशी व्हन्नामी कोळंबीला परवानगी मिळाली, तेव्हा बाहेरून येणारी जनक-कोळंबी आधी चेन्नईच्या नीलांकराई येथील विलगीकरण केंद्रात ठेवण्याची व्यवस्था झाली.

मात्र वेगळे ठेवणे म्हणजे कोंडून घालणे नव्हे. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या लोकांना घराबाहेर काढताना माया दाखवली गेली नाही. त्या जाचाच्या आठवणी आपल्या अनेक घराण्यांत आजोबा-पणजोबांकडून आलेल्या आहेत. माशाचेही तसेच आहे. आमच्या छोट्या पेटीत वाळू-दगड नाही, पण लपायला प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे आहेत. पाणी गाळणारा स्पंज आधी महिनाभर मोठ्या पेटीत ठेवून मुरवलेला आहे, म्हणजे माशाच्या मलातून होणारा अमोनिया पचवणारे उपयोगी जीवाणू त्यात अगोदरच वसलेले असतात. थंडीत पाणी गरम ठेवणारी कांडी आहे. जाळी, बादली, नळी, सारे वेगळे. पेटी मोठ्या पेटीपासून दहा फूट दूर, कारण पाण्याच्या उडालेल्या थेंबातूनही जंतू जाऊ शकतो. एका पेटीत घातलेला हात धुतल्याशिवाय दुसरीत जायचा नाही. आमच्या घरात सोवळ्याचा असा कडक अंमल माझ्या आजीनंतर प्रथमच झाला!

२०२० च्या महाशिवरात्रीला, २१ फेब्रुवारीस, दोन नवे क्लाउन आले. हे मत्स्यबीज केंद्रात जन्मलेले होते, समुद्रातून धरलेले नव्हते. आपल्या शास्त्रज्ञांनी हे मासे बंदिस्त पाण्यात वाढवण्याची कला साधली आहे, ही मोठी चांगली गोष्ट. तरीही प्रवासात, दुकानातल्या सामाईक पाण्यात रोग लागतोच, तेव्हा सव्वा महिना यांनाही होता. या वेळी पहारा माझा. नातू दुरून पाहत असे. पंधराव्या दिवशी एक स्नेही म्हणाले, “मासे ठणठणीत आहेत, सोडून द्या की आता.” मी म्हणालो, “ठणठणीत तर तो डॅमसेलही होता.” त्या संध्याकाळी नातवाचे स्टूल पुन्हा पेटीसमोर आले.

आणि मग तो मार्च महिना उजाडला. २० तारखेला मुलगा पुण्याहून आला. तिकडे साथ सुरू झाली होती. त्याने स्वतःच दारात उभे राहून सांगितले, की मी चौदा दिवस माडीवर राहतो, कोणी वर येऊ नका. त्याची आई जिन्याच्या पायरीशी ताट घेऊन उभी राहिली आणि रडू लागली. “पोटच्या पोराला का असे परक्यासारखे ठेवायचे?” सहा महिन्यांपूर्वीचा मी असतो, तर तिच्याच बाजूने बोललो असतो. मी एवढेच म्हणालो, “बाळंतिणीला तू सव्वा महिना ठेवतेस, ती परकी म्हणून का?” तिने डोळे पुसले. ताट पायरीवर ठेवले आणि खालूनच विचारले, “भाजीला मीठ बरोबर आहे ना रे?” पुढचे दोन आठवडे तिन्ही त्रिकाळ तोच प्रश्न आणि वरून तेच उत्तर.

२५ मार्चला सारा देश घरात बसला. देवास गेटच्या बसस्थानकावर एक गाडी नाही, एक आरोळी नाही, अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. १ एप्रिलला माशांचे चाळीस दिवस पुरे झाले. आम्ही घरात अडकलेले आणि ते मोकळे होणार, याचे नातवाला मोठे हसू आले. त्याने फोनवरून वडिलांना वरच्या मजल्यावर सारे दाखवले. मासे मीच सोडावे असा त्याचा आग्रह होता. माझा हात किंचित कापला. दोघे क्षणभर कोपऱ्यात थांबले, मग हळूहळू दगडाच्या आडोशाला गेले. दोन दिवसांनी मुलगा जिना उतरून खाली आला. त्या एप्रिलमध्ये आमच्या गावाने पुष्कळ सोसले. आमच्या घरावर आच आली नाही. त्यात दैवाचा भाग किती आणि त्या चौदा दिवसांचा किती, हे मी ठरवू शकत नाही.

ते दोन क्लाउन अजून आहेत. नातू आता शिक्षणासाठी बाहेरगावी असतो आणि वही माझ्याकडे आली आहे. गेल्या आठवड्यात एक छोटा गोबी आला. जिन्याखालच्या पेटीत नळीतून तोंड बाहेर काढून तो आमच्याकडे पाहत असतो. काल नातवाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “आबा, कितवा दिवस?”

मी म्हणालो, “नववा. अजून एकतीस आहेत.”